गोळी पाच वर्षं पोटात जावी म्हणून: निपाणीच्या एका विडी कामगार बाईंचं प्रकरण

बाईंचं वय ५७, पाळी जाऊन सात वर्षं झालेली. डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ आणि काखेतल्या गाठी काढल्या, त्यानंतर केमोथेरपी आणि रेडिएशन झालं. गाठीच्या तपासणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे या हार्मोनांवर वाढणारा कर्करोग, आणि हर-टू हे कर्करोगाच्या पेशींवरचं प्रथिन निगेटिव्ह. म्हणून शेवटचा आणि सगळ्यांत लांबचा टप्पा सुरू झाला: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक गोळी, पाच वर्षं.

आठव्या महिन्यात त्या तपासणीला आल्या तेव्हा तीन महिन्यांसाठी नेलेल्या ९० गोळ्यांपैकी ३८ पिशवीत तशाच होत्या. ‘गोळी रोज घेता ना मावशी?’ या प्रश्नाला उत्तर ‘घेते की’ असंच होतं. पिशवी उघडून पट्ट्या मोजल्या तेव्हा खरं काय ते कळलं. हार्मोन अडवणारी अशी गोळी घेणाऱ्या प्रत्येक बाईच्या पट्ट्या मोजाव्यात, असं आमचं ठाम मत आहे. त्यात अविश्वासाचा भाग नाही. बाईला आपणहून सांगता येत नाही ते पट्टी सांगते.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात या उपचारावर असलेल्या बायकांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते इथे एका व्यक्तीत एकत्र केलं आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही, आणि वजन-मापाचे आकडे अशा रुग्णांत दिसतात तसे घेतले आहेत.

गोळी का सुटली

त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, ‘बोटं आखडल्यात, इडी वळंना.’ सकाळी उठल्यावर पाऊण तास मूठ मिटत नाही. गुडघे आणि मनगटं दोन्ही बाजूंनी दुखतात. उजवा अंगठा वाकवला की मध्येच अडकतो आणि टक् करून सुटतो.

विडी वळण्याचं काम जवळून पाहिलं की या तक्रारीचं वजन कळतं. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपातली तंबाखू चिमटीने त्यावर पसरायची, दोन्ही अंगठे आणि तर्जनी यांच्यात पान फिरवत घट्ट गुंडाळायचं, टोकं नखाने आत मुडपायची, दोरा बांधायचा. प्रत्येक विडीला अंगठ्याचा तोच सांधा पुन्हा वाकतो, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. आजारपणाआधी या बाई दिवसाला ९०० विड्या वळत. आता ४०० वर आल्या होत्या. गोळी सोडली की दोनेक आठवड्यांत हात मोकळा होतो, हे त्यांचं त्यांना उमगलं. मग जास्त माल द्यायचा असेल त्या आधी गोळी बंद आणि माल गेला की पुन्हा सुरू, असा क्रम बसला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हा हिशोब अगदी सरळ होता.

पाळी गेल्यावर अंडाशयाचं इस्ट्रोजेन थांबतं, पण शरीरातलं इस्ट्रोजेन संपत नाही. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोजेन द्रव्यांपासून चरबीत, स्नायूंत आणि इतरत्र अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन तयार करत राहतं. लेट्रोझोल हे एन्झाइम अडवतं. रिसेप्टर पॉझिटिव्ह पेशींना वाढायला लागणारं इस्ट्रोजेन त्यामुळे जवळजवळ नाहीसं होतं. पण हाडांची झीज रोखणारं, योनीमार्गाची त्वचा ओली ठेवणारं इस्ट्रोजेनही हेच. सांध्यांना आणि झोपेलाही त्याचा आधार असतो. म्हणजे त्रास होतो तो औषध बिघडल्यामुळे नव्हे, तर औषध आपलं काम करत असल्यामुळे. ही गोष्ट बाईंना आणि सुनेला पहिल्याच भेटीत मराठीत नीट सांगायला हवी होती. दवाखान्यातलं बोलणं कानडी-हिंदीत झालं, कागद इंग्रजीत होता, आणि घरी पोचलं ते एवढंच: रोज एक गोळी.

या गटातल्या औषधांमुळे जवळपास निम्म्या बायकांना सांधेदुखी होते. ती बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होते आणि सहा महिन्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असते. इतकं जरी आधी सांगितलं असतं, तरी आठव्या महिन्यापर्यंत बाईंनी एकटीने हिशोब मांडला नसता.

आधी काय वगळलं

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला ‘हाडं दुखतात’ म्हटलं की गोळीचा त्रास आहे असं गृहीत धरून चालत नाही. गोळीची सांधेदुखी दोन्ही बाजूंना सारखी असते, हात-मनगट-गुडघ्यांत असते, सकाळी जास्त आणि हालचालीने सैल होणारी असते. एकाच ठिकाणी, पाठीच्या मणक्यात किंवा खुब्यात, रात्री झोपेतून उठवणारी आणि आठवड्यागणिक वाढणारी वेदना वेगळी. वजन आपोआप उतरणं, पायात बळ न राहणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जायचं. या बाईंना यातलं काही नव्हतं.

रक्तात थायरॉइड आणि यूरिक अ‍ॅसिड ठीक, संधिवाताचा घटक निगेटिव्ह. ड जीवनसत्त्व मात्र १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे चांगलंच कमी. दिवसभर घरात बसून काम करणाऱ्या बाईकडे ऊन पोचणार कुठून? हाडांच्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.१ आला. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ होऊ लागलेली, त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. गोळी अजून चार वर्षांहून जास्त घ्यायची असताना उणे २.१ हा आकडा ‘बघू नंतर’ म्हणण्यासारखा नाही.

ताटात काय होतं

वजन ६६ किलो, उंची १५० सेंटिमीटर, कंबर ९२ सेंटिमीटर. उपचार सुरू होण्यापूर्वी वजन ६० होतं. घरच्यांना वाटत होतं बाई नीट खात नाहीत, आणि तेही खोटं नव्हतं. वजन चढत होतं, अंगातला मांसल भाग उतरत होता.

आदल्या दिवशी काय खाल्लं ते भांड्यांनिशी विचारलं. सकाळपासून पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साखरच ५० ग्रॅम, २०० कॅलरी. पहिल्या दोन चहांबरोबर बेकरीतले बटर. दुपारी आणि रात्री पांढरा भात, दिवसाला सुमारे २०० ग्रॅम तांदळाचा, आणि पातळ आमटी. तोंडी लावायला शेंगाची चटणी. रेशनचा तांदूळ घरात असतो, ज्वारी विकत आणावी लागते, आणि आखडलेल्या बोटांनी भाकरी थापणं जमत नाही, म्हणून भाकरी ताटातून गेली होती. प्रथिनं दिवसाला पस्तीसेक ग्रॅम, कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय आहारमानानुसार प्रथिनं किलोमागे किमान ०.८३ ग्रॅम, म्हणजे या बाईंना ५५ ग्रॅम हवीत, आणि पाळी गेलेल्या बाईला कॅल्शियम १,२०० मिलिग्रॅम.

या तुटीत भर घातली होती शेजारपाजारच्या सल्ल्यांनी. दुधाने गाठ परत येते म्हणून दूध बंद. अंडं उष्ण म्हणून बंद. साखर कर्करोगाला पोसते म्हणून चहात अधूनमधून गूळ, जणू गूळ साखर नव्हेच. सोयाबीनमध्ये हार्मोन असतं म्हणून घरच्या शेतातलं सोयाबीन बाजारात जात होतं आणि बाईंच्या ताटात येत नव्हतं. वर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि शतावरीचं चूर्ण, दोन्ही विकत आणलेलं.

सल्ला देणाऱ्यांच्या मनात मायाच असते, म्हणून एकेकाला कारणासकट उत्तर द्यावं लागतं. दुधाने कर्करोग परत येतो याला आधार नाही, आणि हाडं विरळ होत असताना दूध तोडणं घातक आहे. सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन द्रव्यं दिसायला इस्ट्रोजेनसारखी असली तरी शरीरात हुबेहूब तशी वागत नाहीत. शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये कर्करोग परतण्याचं प्रमाण उलट कमी आढळलं. म्हणून उसळीत, पिठात सोयाबीन चालतं. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणि पावडरी मात्र नकोत. फोडणीतली हळद खुशाल घ्यावी. अर्काच्या कॅप्सूल बंद केल्या, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या. टॅमॉक्सिफेन ही याच आजारावरची, इस्ट्रोजेनला अडवणारी दुसरी गोळी. ती घेणाऱ्या बायकांत अशा कॅप्सूलमुळे औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, आणि या बाईंना पुढे टॅमॉक्सिफेन द्यावं लागणारच नाही असं नाही. शतावरीतही इस्ट्रोजेनसारखी वागू शकणारी द्रव्यं आहेत, म्हणून तीही थांबवली.

आणि मुख्य उत्तर घरातल्या सगळ्यांसमोर दिलं: आहाराने ही गोळी भरून निघत नाही. अमेरिकेत ३,०८८ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत भरपूर भाज्या-फळं आणि कमी चरबीच्या आहाराने कर्करोग परतण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तो निष्कर्ष २००७ मध्ये आला. दुसरीकडे, पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या रिसेप्टर पॉझिटिव्ह स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, आणि पाळी गेलेल्यांत लेट्रोझोलच्या गटातली औषधं त्याहून थोडी सरस ठरली आहेत. ताटाचं काम वेगळं आहे: हाडं टिकवणं, स्नायू राखणं, वजन आवरणं, थकवा कमी करणं, म्हणजे बाईला पाच वर्षं गोळी सोसता येईल असं शरीर ठेवणं.

ताट कसं बदललं

महागाचं काही सांगितलं नाही. चिकोडी-निपाणीच्या घरात जे रुजलेलं आहे तेच परत आणलं.

पहिली आंबील. यल्लमाच्या डोंगराला जाऊन आलेल्या घरांत आंबील-घुगऱ्यांबद्दल वेगळं समजवावं लागत नाही. ते ‘आजाऱ्याचं खाणं’ वाटत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. नाचणीचं पीठ ३० ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले तीन मोठे चमचे, रात्री ताकात कालवून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या पाणी उकळायला ठेवून त्यात हळूहळू ओतत ढवळायचं. पाणी उकळत असताना पीठ कोरडंच टाकलं की गुठळ्या होतात आणि सून दुसऱ्या दिवशी करायचं सोडते, म्हणून आधी कालवणं सोडायचं नाही. आठ-दहा मिनिटं शिजवून खाली उतरवायचं, कोमट झाल्यावर वरून वाटीभर ताक, जिरं, मीठ, लसूण. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे इथे शंभरेक मिळतं, आणि ताकाचं पन्नासेक वेगळं. सोबत एक उकडलेलं अंडं. सोमवारी आणि गुरुवारी घरात अंडं चालत नव्हतं, त्या दिवशी मोड आलेल्या मटकीची वाटी.

अकराच्या जेवणाला दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मिळून १०० ग्रॅम पीठ. थापायचं काम सुनेकडे गेलं, बाईंनी चुलीशी बसून भाजायच्या. ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याची घट्ट उसळ: मटकी, हुलगे, चवळी, आणि आठवड्यातून दोनदा रात्रभर भिजवून कुकरला चांगलं शिजवलेलं सोयाबीन. पालेभाजी १०० ग्रॅम, त्यात मेथीला पहिली पसंती. पालक आणि राजगिऱ्याच्या पाल्यात कॅल्शियमचा आकडा मोठा दिसतो, पण ऑक्झॅलेटमुळे त्यातलं फार थोडं अंगी लागतं. कॅल्शियमसाठी म्हणून रोज पालक खाणाऱ्या घरांची इथे फसगत होते. शेजारी वाटीभर दही.

चारच्या चहाबरोबर बटरच्या जागी मूठभर, ३० ग्रॅम, फुटाणे आणि पेरूच्या दिवसांत एक पेरू. चहा दिवसाला पाचाचे दोन झाले, साखर कपाला एक चमचा. हे सगळ्यांत अवघड गेलं, कारण चहा हा कामातला थांबा होता. थांबा काढून घेतला नाही, कपात ताक किंवा कोकमाचं पाणी आलं.

रात्री एकच: अर्धी वाटी तांदळाचा भात किंवा एक भाकरी, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीची घट्ट आमटी, भाजी, आणि १० ग्रॅम तीळ घातलेली कारळ्याची चटणी. दहा ग्रॅम अनपॉलिश तिळांतून १२० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. चटणी वर्षभर टिकत नाही, तीळ खवट होतात, म्हणून पंधरा दिवसांची कुटायची आणि मिरची निम्मी ठेवायची. निजण्याआधी २०० मिलिलिटर दूध, साखरेविना.

एवढ्यात प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास जातात. पालेभाजी असेल त्या दिवशी कॅल्शियम ९०० च्या पुढे, नसेल त्या दिवशी ७००. म्हणून रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची एकच गोळी. कॅल्शियम कार्बोनेट उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही, आणि दोन गोळ्या एकदम घेतल्याने दुप्पट लाभ होत नाही. लोहाची गोळी चालू असेल तर ती दुसऱ्या वेळेला, आणि थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास लांब. बद्धकोष्ठ झालं तर कॅल्शियम बंद करण्याआधी पाणी आणि भाजी किती पोटात जाते ते पाहायचं.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. इथे घोटाळा नेहमीचा: पुडी गोड लागते, शक्ती येते असं वाटतं, आणि दुकानदार मागेल तितक्या देतो. महिनोन्‌महिने आठवड्याला घेतली की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेवर आठ रविवारांभोवती लाल गोल काढून दिले. गोळीचीही खूण त्याच पानावर, रोज एक रेघ. ‘आत्या, गोळी घेतलीसा न्हवं?’ असं सुनेने विचारायचं आणि रेघ बाईंनीच मारायची, असं ठरलं.

उपवासाचा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. संकष्टी आणि एकादशी सोडणं बाईंना मान्य नव्हतं आणि सोडायला लावायचं कारणही नव्हतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च आणि तेल. तिच्याऐवजी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची लाही दुधात. गोळी उपवासालाही घ्यायचीच.

हात चालते करणं

आहारापेक्षा सांध्यांना जास्त उपयोग व्यायामाचा झाला. अपेक्षाही तीच होती. या गटातल्या औषधांनी सांधे दुखणाऱ्या आणि व्यायामाची सवय नसलेल्या १२१ स्त्रियांवर अमेरिकेत चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि १५० मिनिटं चालणं यांनी वर्षभरात दुखणं स्पष्टपणे उतरलं. तो अहवाल २०१५ चा.

सकाळी उठल्यावर दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग पाण्यातच बोटांच्या पाच अवस्था: सरळ, नुसती पेरं वाकवलेली आकड्यासारखी, मुळातून वाकवलेली टेबलासारखी, अर्धी मूठ, पूर्ण मूठ. प्रत्येक पाच वेळा, जोर न लावता. अडकणाऱ्या अंगठ्याला रात्री कापडी आधार. काम करताना पाऊण तासाने उठायचं, दोन मिनिटं उभं राहायचं. मांडी घालून बसण्याऐवजी पाटावर बसून समोर दुसरा उंच पाट, म्हणजे मान आणि मनगट दोन्ही सरळ राहतात. सूप त्या पाटावर ठेवायला बाईंनी आठ दिवस कुरकुर केली, मग सवय झाली.

आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं दहा वेळा, दोन फेऱ्या. भिंतीला हात लावून दंड दहा वेळा. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली कोपरातून उचलणं, दोन आठवड्यांनी लिटरची. डाव्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असल्याने डाव्या हाताचं वजन हळूहळू वाढवलं. घेर मोजून ठेवला, कोपराच्या वर-खाली १० सेंटिमीटरवर. सूज, जडपणा किंवा लाली दिसली की थांबून दाखवायचं. हात आयुष्यभर झाकून ठेवायचा ही समजूत खोटी आहे, तो चालता ठेवलेला बरा. चालणं दहा मिनिटांपासून सुरू होऊन दुसऱ्या महिन्यात अर्ध्या तासावर आलं, सकाळी आठनंतर, म्हणजे थोडं ऊनही मिळतं.

दुखेल तेव्हा दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या बाई घेत होत्या, कधी दिवसाला दोन. त्या बंद करून डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल दिलं. त्यामागे मूत्रपिंडाचं कारण होतं, ते पुढच्या इंजेक्शनाशी जोडलेलं आहे.

औषध बदललं, आणि मिसरी

सहा आठवडे आहार, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम नीट होऊनही दुखणं दहापैकी सातावरून पाचावरच आलं. मग कर्करोगाच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांची विश्रांती देऊन लेट्रोझोलच्या जागी एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम सुरू केलं. विश्रांती बाईंनीही घेतली होती, पण ही ठरवून दिलेली, तारीख लिहिलेली आणि पुढच्या औषधाकडे नेणारी. गोळी मुकाट्याने सोडण्यात आणि या बदलात तोच फरक आहे. एका औषधाने त्रास झालेल्यांपैकी बऱ्याच जणींना त्याच गटातलं दुसरं सोसतं. नाही सोसलं तर टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम असतं. ही शिडी माहीत असली की बाई पहिल्या पायरीवर हार मानत नाही. ही सगळी औषधं जनऔषधी दुकानांत स्वस्त मिळू शकतात, फक्त पट्टी संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करायची.

एक्झेमेस्टेन जेवणानंतरच घ्यायचं, रिकाम्या पोटी ते कमी शोषलं जातं. लेट्रोझोलला असं बंधन नाही. म्हणून गोळीची वेळ सकाळच्या चहावरून अकराच्या भाकरीनंतर गेली.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम, सलाईनमधून, सहा महिन्यांनी एकदा. त्याआधी तीन गोष्टी लागतात: क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ततपासणी, डायक्लोफेनॅक बंद केलं ते यासाठीच), रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून आलेलं. चौथी गोष्ट दात, आणि इथे मिसरी आली. बाई चाळीस वर्षं दिवसातून तीन-चार वेळा मिसरी लावत होत्या. मागच्या दोन दाढा हलत होत्या, हिरड्या मागे सरकलेल्या. हे इंजेक्शन सुरू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, मरतं. म्हणून आधी दातांचा दवाखाना, दोन्ही दाढा काढणं, जखम पूर्ण भरेपर्यंत थांबणं आणि मग इंजेक्शन. पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते हे आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरगुंडी उडाली नाही.

तंबाखूने हाडं झिजतात, भूक मरते आणि तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार राहते, ती वेगळीच. ‘मिसरी सोडा’ या दोन शब्दांनी काही होत नाही, घरभर तंबाखूचा वास असताना तर नाहीच. पहिली सकाळची मिसरी शेवटी सोडायची ठरली. दुपारची आणि निजतानाची आधी गेली. त्या वेळेला भाजलेली बडीशेप आणि तीळ तोंडात. सहा महिन्यांनी सकाळची एक उरली आहे.

न सांगितलेली तक्रार

तीन भेटींत बाई ‘लघवीला आग होते’ एवढंच सांगत होत्या. त्यावर दोनदा जंतुनाशकांचा कोर्स झाला होता, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नव्हते. मुलगा बाहेर थांबला आणि मराठी बोलणाऱ्या सिस्टरने दार लावून विचारलं तेव्हा कळलं की कोरडेपणा इतका आहे की बसतानाही चरचरतं, आणि नवऱ्याशी संबंध केमोपासून बंद. नवरा रागावलेला नव्हता, त्याला वाटत होतं आपल्यामुळे आजार परत येईल. दोघांनाही सांगितलं की तसं काही होत नाही. हार्मोन नसलेलं योनीमार्गाचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा रात्री, संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारं जेल, आणि साबणाऐवजी साधं पाणी. दुकानात मिळणारी इस्ट्रोजेनची क्रीम या गोळीबरोबर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात वापरायची नाही.

अंगातून वाफा येणं रात्री जास्त होतं. तिखट रस्सा आणि उकळता चहा संध्याकाळनंतर टाळल्याने रात्री चारदा उठणं दोनदावर आलं. त्यापुढे उतरलं नाही. अजून झोपमोड होत असल्याने त्यावरचं बिगर-हार्मोन औषध सुरू करायचं का, हा विषय पुढच्या भेटीत आहे.

सहा महिन्यांनी

दुखणं सातावरून तिनावर. सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटं. विड्या दिवसाला ६५०, आधीच्या ९०० वर गेल्या नाहीत आणि जातील असं कुणी सांगितलेलंही नाही. घरात त्यावर बोलणं झालं, धाकटी जाऊ पानं कापून देते. वजन ६३.५ किलो, कंबर ८८. ड जीवनसत्त्व ३४. शेवटच्या ९० गोळ्यांपैकी शिल्लक तीन, आणि त्या तिन्हीची कारणं दिनदर्शिकेवर लिहिलेली: दोन दिवस नात्यातल्या लग्नाला खानापूरला, एक दिवस उलट्या.

डेक्सा इतक्या लवकर परत करून काही कळत नाही, ती पहिल्या तपासणीनंतर एक ते दोन वर्षांनी. दुसरं झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन ठरलेल्या महिन्यात, आदल्या आठवड्यात क्रिएटिनिन. पुढच्या वेळी गोळ्या नेताना लग्नाकार्यासाठी दहाची एक पट्टी वेगळ्या डबीत, प्रवासाच्या पिशवीत कायमची ठेवायला दिली आहे.